अंधारातली निळी केळी: फळे आणि सुका मेवा यांच्या प्रतिदीप्तीचे घरगुती छायाचित्रण

पिकलेले केळे अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्चसमोर धरले, तर त्याची पिवळी साल निळसर उजळलेली दिसते. हा निळा प्रकाश सालीचा स्वतःचा असतो. केळे पिकताना सालीतले हरितद्रव्य मोडते आणि त्यातून तयार होणारे काही पदार्थ अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतात, हे इन्सब्रुक विद्यापीठातील बर्नहार्ड क्रॉयटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ त्याच क्षणी सोडण्याच्या या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. मात्र पहिल्या प्रयत्नात कॅमेऱ्यात जे उतरते, ते बहुधा टॉर्चमधून झिरपणारा जांभळा प्रकाश आणि कपड्यांचे तंतू असतात. म्हणून पुढच्या सूचनांचा मोठा भाग नको असलेला प्रकाश दूर ठेवण्याविषयीच आहे.

सर्वांत महत्त्वाची खरेदी टॉर्चची. बाजारात स्वस्तात मिळणारे अतिनील टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. ते डोळ्यांना चांगले जांभळे दिसतात आणि नेमका तोच जांभळा रंग चित्रभर पसरतो. आपल्याला ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च हवा, आणि त्याच्या तोंडाशी दृश्य प्रकाश अडवणारी काळपट काच हवी. विक्रेते तिला झेडडब्ल्यूबी-२ या नावाने ओळखतात. अशा टॉर्चचा उजेड पाहताना फार मंद वाटतो, पण ती त्याची उणीव नव्हे. घरी आणल्यावर तो एखाद्या नोटेवर धरून पाहावा. नोटेच्या क्रमांकाची शाई आणि कागदातले बारीक तंतू स्पष्ट उजळले, पण आजूबाजूचा कागद जांभळा झाला नाही, तर टॉर्च कामाचा आहे. दुकानातला नोटा तपासण्याचा दिवाही चालतो. फक्त त्यातून दृश्य प्रकाश अधिक येतो, हे लक्षात ठेवावे.

टॉर्च कोणाच्याही डोळ्यांवर, विशेषतः पाहायला जमलेल्या मुलांच्या डोळ्यांवर, कधीही रोखू नये; स्टीलच्या ताटावरून किंवा आरशावरून परावर्तित होणारा झोतही टाळावा. अतिनील किरण अडवणारा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा लावूनच काम करावे. त्याचा आणखी एक उपयोग असा की, डोळ्यातले भिंग स्वतःच अतिनील किरणांत किंचित उजळते आणि समोरचे सारे धूसर वाटू लागते. चष्म्याने ती धूसरता जाते. जंतुनाशक म्हणून विकले जाणारे २५४ नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात, त्यामुळे त्यांचा येथे विचारही करू नये.

अंधार पुरेसा हवा. सोलापुरातल्या माळवदाच्या जुन्या घरात आतली खोली मुळातच अंधारी असते. सवणे, म्हणजे छतातले झरोके, झाकले की रात्र होण्याची वाट पाहावी लागत नाही. फ्लॅटमध्ये मात्र रात्री आठनंतर, पडदे ओढून, राउटरचे आणि चार्जरचे लुकलुकणारे दिवे झाकून काम करावे. उन्हाळ्यात बंद खोलीत पंखा लावण्याचा मोह होतो, पण लांब एक्स्पोजर चालू असताना, म्हणजे शटर बराच वेळ उघडे असताना, पंख्याच्या वाऱ्याने द्राक्षाचा घड किंवा शेंगेचे टरफल हलते आणि चित्र अस्पष्ट येते.

पार्श्वभूमीविषयी मी स्वतः फसलो आहे. पहिल्या रात्री मी फळांखाली घरातला काळा टॉवेल अंथरला होता. चित्रात केळ्याभोवती शेकडो निळे ठिपके चमकत होते आणि मला वाटले की सेन्सर बिघडला. खरे कारण साधे होते: कपडे धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी रसायने घातलेली असतात, ती अतिनील किरणांत निळी उजळतात, आणि टेरी टॉवेलच्या प्रत्येक सुटलेल्या धाग्यावर ती बसलेली असतात. टॉवेलांच्या गावात राहणाऱ्याने हे आधीच ओळखायला हवे होते. आता मी काळा जाड कागद वापरतो, तोही टॉर्चने तपासून, कारण काही काळे कागद लालसर उजळतात. फळ ओल्या हाताने पुसून, वाळवून, मऊ ब्रशने झटकून घ्यावे. अंगात पांढरा सदरा असेल तर तो बदलावा. तोसुद्धा खोलीत निळा प्रकाश पसरवतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवावा. खोलीतला दिवा चालू असतानाच फोकस करून घ्यावा आणि मग तो मॅन्युअलवर ठेवावा, कारण अंधारात ऑटोफोकस भरकटतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते ४००, छिद्र एफ-८ आणि शटर ५ ते ३० सेकंद, येथून सुरुवात करावी. दोन सेकंदांचा टायमर लावला की बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये, अन्यथा कॅमेरा निळ्या केळ्याला करडे करून टाकतो. तो सूर्यप्रकाशाच्या खुणेवर ठेवून चित्र रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, घ्यावे. शटर उघडे असताना टॉर्च एका जागी न धरता फळाच्या दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवावा, म्हणजे सावल्या कठोर होत नाहीत. लेन्सवर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा आणि त्याखालचा प्रकाश खरोखर अडवणारा फिकट पिवळा फिल्टर लावावा. साध्या यूव्ही फिल्टरवर विसंबू नये. फिल्टर लावल्यावर त्यावरच टॉर्च धरून पाहावा, कारण काही फिल्टर स्वतःच उजळतात. मोबाइलवर काम करायचे असल्यास प्रो मोड आणि भक्कम स्टँड एवढ्यावर भागते.

आता एक तपासणी, जी मी कधीही वगळत नाही. फळाशेजारी स्टीलचा चमचा ठेवून एक चित्र घ्यावे. स्टीलला प्रतिदीप्ती नाही. त्यामुळे चमचा जवळजवळ काळा आला तर चित्रातला रंग फळाचा आहे, आणि चमच्यावर जांभळी झळाळी आली तर टॉर्चचा प्रकाश अजून झिरपतो आहे.

विषय निवडताना मोसंबी आणि संत्र्यांना अग्रक्रम द्यावा. त्यांची साल खरचटली किंवा कुजू लागली की तेथील तेलासोबत बाहेर आलेली द्रव्ये पिवळट तेजाने उठून दिसतात. संत्र्यांच्या पॅकिंग केंद्रांत अंधाऱ्या खोलीत अशाच दिव्याखाली खराब फळे वेगळी काढतात. सोललेले शेंगदाणे आणि बदाम फिकट निळसर दिसतात, तर टॅनिनयुक्त लाल-तपकिरी साल काळवंडते. म्हणून अर्धी साल काढलेला दाणा सुंदर चित्र देतो. पिस्त्याच्या हिरव्या गरातले हरितद्रव्य गडद लाल तेज देऊ शकते, पण ते झोताखाली फिकट होत जाते, त्यामुळे त्याचे चित्र आधी घ्यावे. सोलापूरचे डाळिंब, ज्याला भौगोलिक मानांकन आहे, येथे निराशा करते: दाण्यांचा लाल रंग प्रकाश शोषतो आणि परत फारसा देत नाही.

शेंगदाण्यांबाबत एक इशारा आवश्यक आहे. अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाच्या बी आणि जी या नावांतली अक्षरे निळ्या आणि हिरव्या प्रतिदीप्तीवरूनच आलेली असल्याने टॉर्चने विषारी दाणे ओळखता येतात असा समज पसरतो. हे विष अब्जांश प्रमाणातही घातक ठरू शकते आणि तेवढ्या प्रमाणाचा प्रकाश दाण्याच्या स्वतःच्या तेजात बुडून जातो. त्याची तपासणी प्रयोगशाळेतच होते. चटणीसाठी आणलेल्या दाण्यांत बुरशी किंवा खवट वास आढळला, तर ते टॉर्च न लावताच टाकून द्यावेत.

सवड असेल तर केळ्यांची मालिका करावी. करमाळ्याकडची हिरवी केळी आणून रोज रात्री त्याच जागी, त्याच अंतरावरून, त्याच एक्स्पोजरने एक चित्र घ्यावे. अंतर दुप्पट झाले की प्रकाश साधारण चौथाईवर येतो, म्हणून टॉर्चची जागा फरशीवर खडूने आखून ठेवावी. हिरव्या सालीवर निळे तेज जवळजवळ नसते, पिवळेपणासोबत ते वाढते आणि अति पिकल्यावर ओसरते. त्यानंतर सालीवर तपकिरी ठिपके पडू लागले की कॅमेरा आवरू नये: त्या प्रत्येक ठिपक्याभोवती निळे कडे उमटते, आणि ते जवळून टिपण्यासाठी एक्स्पोजर दुपटीने वाढवावे.