गाडीचे पार्ट बदलताना या चुका टाळा: कंपनीचा कुठे, मार्केटचा कुठे

गाडी वर चढवलेली असते, मेकॅनिक खालून विचारतो, "साहेब, कंपनीचा टाकू की मार्केटचा?" आणि आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो म्हणजे, फरक किती पडेल? बस, तिथेच निर्णय होऊन जातो, फक्त पैशावर. काहीजण वायपरचं रबरसुद्धा शोरूममधूनच घेतात आणि काहीजण ब्रेक पॅडसुद्धा दुकानात जो सगळ्यात स्वस्त असेल तो उचलतात, आणि माझ्या मते दोघांचंही चुकतं, कारण अख्ख्या गाडीसाठी एकच नियम लावून चालत नाही. प्रत्येक पार्टला दोन गोष्टी विचारायच्या. हा चालू गाडीत गेला तर काय होईल, आणि हा खरंच बनवलाय कुणी.

मार्केटचा म्हणजे डुप्लिकेट, हे डोक्यातून काढा

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. शॉकअप गॅब्रियलसारख्या कंपन्या बनवतात, क्लच व्हॅलिओ किंवा ल्यूक, प्लग एनजीके किंवा बॉश, पुढची काच असाही किंवा सेंट गोबेन, हेडलाइट लुमॅक्स किंवा युनो मिंडा. हाच माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यात भरला की तो 'कंपनीचा', आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यात आला की 'मार्केटचा', आणि किंमत बऱ्याचदा कमी. त्याच्या खाली मग दुसऱ्या नावाजलेल्या ब्रँडचा माल, ज्याने तुमच्या गाडीला कधी पुरवठा केला नसेल पण क्वालिटी ठीक असते. त्याच्याही खाली लोकल, म्हणजे नाव आहे पण कुठे बनलं पत्ता नाही. आणि सगळ्यात खाली नकली, म्हणजे दुसऱ्याचं नाव छापून विकलेला माल. हा नकली माल लोकलपेक्षाही वाईट, कारण लोकल घेताना निदान माहीत असतं की लोकल घेतोय.

म्हणून मेकॅनिकने "मार्केटचा" म्हटलं की लगेच नाक मुरडू नका आणि लगेच होही म्हणू नका, कुठल्या ब्रँडचा ते विचारा. "चांगला आहे साहेब, गॅरंटी माझी" हे उत्तर चालणार नाही, खोकं हातात घेऊन बघा. आणि तुमच्या गाडीला कंपनीतून कुणाचा बसून आला होता तेही बघा, जुना पार्ट काढला की त्याच्यावर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण असते, तोच ब्रँड मार्केटमध्ये मिळाला तर डोळे मिटून घ्या.

सगळीकडे सारखीच कंजुषी किंवा सारखाच खर्च

ब्रेक पॅड, ब्रेक शू, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा), स्टिअरिंगचे टाय रॉड (चाक वळवणारे दांडे), लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाक धरून ठेवणारा सांधा), टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह ताळ्यावर ठेवणारा पट्टा), टायर, यात पैसे वाचवायचे नाहीत. कंपनीचा नाहीतर नावाजलेल्या ब्रँडचा, तिसरा पर्याय नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं, आणि ते वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर झालं तर मागच्याचाही जीव जातो. टायमिंग बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हला आपटतो, बेल्टवर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट इंजिनात जातात. एअरबॅग आणि सीटबेल्ट तर फक्त कंपनीचे, नवे, शोरूममधूनच.

उलट एसीचा केबिन फिल्टर, वायपर, हॉर्न, फ्लोअर मॅट, दाराचं हँडल, बॅटरी, इथे चांगला मार्केटचा ब्रँड बिनधास्त घ्या. बॅटरीत एक मात्र बघा, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर त्याला वेगळ्या प्रकारची बॅटरी लागते, ईएफबी किंवा एजीएम, तिथे साधी टाकली की लवकर बसते आणि मग लोक बॅटरीच्या कंपनीला दोष देत बसतात.

मुंबईत शॉकअप, लिंक रॉड (सस्पेन्शनचा जोडदांडा), बुश (सांध्यातली रबरी गादी) हे खड्ड्यांमुळे जातातच. एलबीएस मार्गावरून किंवा जेव्हीएलआरवरून रोज येणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लिंक रॉड चांगल्या मार्केट ब्रँडचा चालतो, पण बुशचं रबर लोकल घेतलं तर एका पावसाळ्यात तडकतं.

हेडलाइटचं वेगळं सांगतो कारण यात लोक अगदी हमखास फसतात. हॅलोजनच्या दिव्यात साधारण ६०/५५ वॅटचा बल्ब असतो, त्याच्या जागी १००/९० वॅटचा टाकला की होल्डर आणि वायर तापून वितळतात. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी टाकला की प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जास्त. पावसात, काच धुकट झालेली असताना समोरच्या रिक्षावाल्याला काहीच दिसत नाही. हे कृपा करून करू नका.

नुसतं मॉडेलचं नाव सांगून पार्ट मागवणं

"स्विफ्टचा डाव्या बाजूचा मिरर द्या" एवढ्यावर दुकानदार काहीतरी देईलच. पण एकाच नावाच्या गाडीत फेसलिफ्ट (रूपात बदल) झालेली असते, पेट्रोल डिझेल वेगळं, मधल्या वर्षात कंपनीने पार्ट नंबर बदललेला असतो. आरसीवरचा चेसिस नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढायला सांगा, मग तो नंबर घेऊन ऑपेरा हाऊसच्या पार्टच्या बाजारात जा नाहीतर ऑनलाइन मागवा. ऑनलाइन तर हे फारच जरुरी आहे, कारण तिथे फोटोत सगळे सेन्सर सारखेच दिसतात, फरक असतो तो पिनमध्ये.

खोकं चकाचक दिसतंय म्हणून विश्वास ठेवणं

नकली माल विकणारे आता होलोग्रामसुद्धा छापतात. म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव पत्ता, महिना वर्ष, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा नंबर हे सगळं छापलेलं असायला हवं, बाहेरून आलेल्या मालावर देशाचं नावही. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, खोक्यावरचा पार्ट नंबर आणि पार्टवर कोरलेला नंबर वेगळा, असं काही दिसलं तर परत द्या. क्यूआर किंवा स्क्रॅच कोड असेल तर दुकानातच तपासा, घरी आल्यावर नाही. आणि भाव. एमआरपीवर थोडी सूट समजू शकतो, पण ऑइल फिल्टर किंवा प्लग अर्ध्याहून कमी भावात मिळत असेल तर तो खरा का असेल?

टायरवर आयएसआयचा मार्क बघा आणि बाजूला कोरलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २२२४ असेल तर २०२४ सालचा बाविसावा आठवडा. फार जुना साठवलेला टायर सवलतीत देत असतील तर नको म्हणा. पुढची काच बदलताना लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आहे ना ते कोपऱ्यातल्या छापावर वाचा, पुढे साधी टफन काच बसवणं कायद्याने चालत नाही.

जुन्या मालाच्या बाजारातून काहीही उचलणं

कुर्ल्याचा सीएसटी रोड आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तिथे खरोखर उपयोगाचा माल मिळतो, विशेषतः बंद झालेल्या मॉडेलसाठी. दरवाजा, डिकी, सीट, डॅशबोर्डचं प्लास्टिक, अलॉय व्हील (क्रॅक आणि वेल्डिंग तपासून), हे घ्या, अपघातातल्या गाडीचा ओरिजिनल दरवाजा लोकल नव्या दरवाजापेक्षा बऱ्याचदा चांगला बसतो. पण जुने ब्रेक, जुनं स्टिअरिंग रॅक, जुनी एअरबॅग, जुने सीटबेल्ट बिलकुल नाही. आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स घेत असाल तर कागद मागा, नंबर खोडलेला असेल तर तिथून निघा, चोरीचा माल निघाला तर पोलिसांचं लचांड मागे लागतं.

अर्धा सेट बदलणं

क्लच प्लेट एकटी बदलली, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच ठेवलं, आणि काही महिन्यांनी बेअरिंग आवाज करायला लागलं की परत गिअरबॉक्स उतरवा, परत तीच मजुरी. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये क्लच लवकर जातो त्यामुळे हे फार दिसतं. टायमिंग बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), बाइकला चेनसोबत दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चक्रं), ब्रेक पॅड आणि शॉकअप दोन्ही बाजूंचे जोडीने. मजुरी मोठी आणि पार्ट स्वस्त असेल तिथे पार्टवर कंजुषी करण्यात काही अर्थच नाही.

नवीन पार्ट टाकला तरी त्रास गेला नाही, म्हणजे पार्ट खराब?

दरवेळी नाही, आणि इथे लोक चांगल्या पार्टला बदनाम करतात.

नवीन पॅड टाकल्यावर चिरचिर आवाज येतोय तर आधी विचारा की क्लिप आणि शिम (पॅडमागच्या पातळ पट्ट्या) बसवल्या का, बरेच जण त्या फेकूनच देतात. डिस्कला कड आलेली असेल तरी आवाज येतो. पहिले दोनतीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, पॅड डिस्कवर बसायला तेवढं लागतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पॅडपेक्षा कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन जाम झाली असण्याची शक्यता जास्त, आपल्याकडच्या दमट खारट हवेत त्या गंजतात. पेडल स्पंजसारखं लागतंय तर आत हवा आहे किंवा ब्रेक ऑइल जुनं झालंय, ते हवेतलं पाणी शोषून घेतं.

लोअर आर्मचं बुश नवीन असून लवकर फाटलं? बसवताना बोल्ट चाक लटकलेलं असताना पूर्ण आवळला असेल. तो गाडी चाकांवर उभी असताना, वजन आल्यावर आवळायचा असतो, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं. हे एकच काम बरोबर केलं तर मार्केटचं बुशही चांगलं चालतं आणि चुकलं तर कंपनीचंही फाटतं. आणि आर्म किंवा टाय रॉड बदलला की अलाइनमेंट करा, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जातो.

ऑइल बदलल्यानंतर सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइलचा दिवा उशिरा विझतोय आणि वरून टकटक येतेय, तर मात्र संशय फिल्टरवर घ्या. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह असतो, स्वस्तातल्यात तो कडक किंवा गायब.

सेन्सर बदलूनही चेक इंजिनचा दिवा परत आला तर आधी स्कॅनर लावून कोड वाचा, त्याच जागी वायर किंवा कनेक्टर गंजलेला असू शकतो, पाण्यातून गाडी नेल्यानंतर तर हमखास. अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत बसू नका. पेट्रोलची रबरी नळी बदलताना २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालणारीच मागा, साधी नळी फुगते, तडकते आणि वास यायला लागतो, तो वास आला की गाडी चालवू नका.

वॉरंटी जाईल या भीतीने गप्प बसणं

बाहेर काहीही केलं की सगळी वॉरंटी गेली, असं सर्रास सांगतात. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, सुटे पार्ट खुल्या बाजारात मिळू न देण्यावरून. त्यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पण त्या आदेशात आयोगाने स्पष्ट म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी काढून घेऊ नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारावी. म्हणून कुणी नाही म्हणालं तर नेमकं कुठल्या पार्टमुळे ते लेखी मागा. तरीपण वॉरंटी चालू असेपर्यंत वायरिंग कापायचं कुठलंही काम बाहेर करू नका, त्यात वाद झाला तर तुमची बाजू कमजोर पडते.

इन्शुरन्समध्येही गोंधळ असतो. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के कापतात, काचेवर काही नाही, लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. म्हणजे बंपर कंपनीचा टाकला तरी अर्धे तुमचेच, हे गॅरेजमध्ये हो म्हणायच्या आधी माहीत असू द्या.

कच्च्या बिलावर काम

"बिल घेतलं तर जीएसटी लागेल" असं ऐकून लोक बिल सोडून देतात आणि मग नकली निघालं की हातात काहीच नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, तेव्हा जुन्या खोक्यावरची जुनी एमआरपी लावत असतील तर विचारा. बिलावर ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं 'ब्रेक पॅड' नाही. खोकं आणि काढलेला जुना पार्ट दोन्ही मागून घ्या, नवा नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत टाकू नका. फसवणूक झालीच आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार करताना हे बिल आणि खोक्याचे फोटोच कामाला येतात.