४२९४९६७२९७ ला भागत बसण्याआधी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर ही दहा अंकी संख्या लिहिली आणि म्हणाले, "मूळ आहे का बघा." मी वही उघडून ३, ७, ११, १३ असं भागत सुटलो. शंभरीच्या आसपास दमलो. तिचा सगळ्यात लहान मूळ अवयव ६४१, आणि ६४१ ही ११६वी मूळ संख्या. म्हणजे ११५ भागाकार फुकट गेल्यावर एक लागणार!

मग शहाणपणा करून सी भाषेत प्रोग्राम लिहिला. त्याने संख्याच १ छापली. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावते. आपली संख्या दोनने मोठी, म्हणून शून्यावरून फिरून १ वर आली. तेव्हा चिडलो, पण संगणकाने तिचं कूळच सांगितलं होतं: २ चा ३२वा घात अधिक १.

मोठी संख्या समोर आली की आधी हे कूळ विचारा. २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७, ही तिची थोरली भावंडं. सगळी मूळ, म्हणून पुढचीही तशीच निघतील असं १६४० च्या सुमारास फर्मा या गणितज्ञाला वाटलं. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने ते खोटं ठरवलं. आपल्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीहून १ ने जास्त असतो, हे नंतर त्यानेच सिद्ध केलं. पुढे ल्युका या गणितज्ञाने नियम आणखी घट्ट केला: ६४ च्या नव्हे, १२८ च्या पटीहून १ ने जास्त. आता यादी बघा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. पहिली आणि चौथी ३ ने जातात, ३८५ पाचाने. २५७ हे भावंडच, आणि या कुळात कुठल्याही दोघांत १ सोडून सामाईक विभाजक नसतो. उरली ६४१. पहिलाच भागाकार!

तोही दहा अंकी करायचा नाही. बाकी घेत वर्ग करत जा. २ चा १६वा घात ६५५३६, त्याला ६४१ ने भागून बाकी १५४. १६व्या घाताचा वर्ग म्हणजेच ३२वा घात, म्हणून १५४ चा वर्ग २३७१६, त्याची बाकी ६४०. त्यात १ मिळवला की ६४१. भाग गेला. बसच्या तिकिटामागे मावेल एवढं गणित. (परीक्षेत मात्र पायऱ्या नीट लिहा, माझे दोन गुण तिथे गेले.)

दुसरा अवयव ६७००४१७. तो मूळ आहे का? वर्गमूळ २५८८ च्या पुढे, म्हणजे आंधळेपणाने साडेतीनशेहून जास्त भागाकार. पण त्याचे अवयव आपल्या संख्येचेही अवयव, तेव्हा १२८ चाच नियम लागू. तपासायच्या फक्त ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. एकीनेही भाग जात नाही, म्हणून मूळ.

पुढची संख्या, २ चा ६४वा घात अधिक १, घेतलीत तर मात्र ही वाट लांबते. तिथे नियम २५६ चा आहे, पण अवयव २७४१७७ गाठायला १०७१व्या पटीपर्यंत जावं लागतं. लँड्री या गणितज्ञाने तो १८८० मध्ये हाताने शोधला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.