पेज टेबल आधी वहीत, मग कर्नलमध्ये

कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) काम करायचं ठरवलं की बरेच जण थेट लिनक्सचा सोर्स उघडतात आणि मेमरी मॅनेजमेंटपाशी येऊन थांबतात. ते साहजिकच आहे. पाच पातळ्यांपर्यंतची पेज टेबलं (प्रोग्रामच्या व्हर्च्युअल पत्त्यावरून मेमरीतला फिजिकल पत्ता शोधायचे तक्ते), ह्यूज पेज, स्वॅप, सगळं तिथं एकमेकांत गुंतलेलं असतं. मी नवख्यांना एक्सव्ही६पासून सुरुवात करायला सांगतो. एमआयटीने शिकवण्यासाठीच लिहिलेलं हे छोटं कर्नल क्यूईएमयू या एम्युलेटरवर कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतं. आयआयटी मुंबईच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोर्समध्येही एक्सव्ही६ वापरलं गेलंय आणि ती व्याख्यानं सगळ्यांना खुली आहेत. मी इथे रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठीच्या आवृत्तीबद्दल बोलतोय.

कोड वाचण्याआधी एक पत्ता हाताने सोडवा. समजा, व्हर्च्युअल पत्ता ४२,०६,६९२ आहे. पेज ४०९६ बाइटचं, म्हणून भागाकार केला की पेज नंबर १०२७ आणि ऑफसेट १०० मिळतो. टेबलांच्या तीन पातळ्या असतात आणि एका टेबलात ५१२ एन्ट्र्या. १०२७ म्हणजे दोन वेळा ५१२ अधिक ३. म्हणून वरच्या टेबलात शून्यावी एन्ट्री, मधल्यात दुसरी, खालच्यात तिसरी (मोजणी शून्यापासून). त्या शेवटच्या एन्ट्रीत फिजिकल पेज नंबर ५,३०,००० असेल, तर फिजिकल पत्ता २,१७,०८,८०,१००. ऑफसेटला कुणी हात लावत नाही. एवढं वहीत उतरवल्यावर ‘वॉक’ हे फंक्शन उघडा. त्यातलं लूप म्हणजे तुम्ही आत्ता केलेलीच आकडेमोड आहे, फक्त वाटेतलं टेबल नसेल आणि तसं सांगितलं असेल तर ते नवीन बनवतं.

यानंतर वेळ द्यावा तो ट्रॅम्पोलिनला, म्हणजे यूझर आणि कर्नल यांच्यात ये-जा करणाऱ्या कोडला. यूझर प्रोसेसचं पेज टेबल वेगळं, कर्नलचं वेगळं. सिस्टिम कॉल (प्रोग्रामची कर्नलकडे मागणी) आला की, चालू पेज टेबल कुठलं ते सांगणाऱ्या एसएटीपी रजिस्टरमध्ये नवं टेबल भरावं लागतं. पण ते भरल्याच्या पुढच्याच क्षणाला सीपीयूला पुढची सूचना हवी असते, आणि तिचा पत्ता आता नव्या टेबलातून सुटणार. म्हणून ट्रॅम्पोलिनचं पेज दोन्ही टेबलांत एकाच व्हर्च्युअल पत्त्यावर, अगदी वरच्या टोकाला, मॅप केलेलं असतं. मला या संपूर्ण कोडमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. हे नीट कळलं की मॅपिंग म्हणजे नुसता तक्ता आहे असं पुन्हा वाटत नाही.

मॅपिंगमधल्या चुकांची एक खोड आधीच माहीत असलेली बरी. चूक होते एका जागी, पॅनिक (कर्नल चूक सांगून थांबणं) येतो भलतीकडेच. एमआयटीच्या कोर्सच्या लॅबमध्ये प्रत्येक प्रोसेसला एक जास्तीचं पेज मॅप करून द्यायला सांगतात. मॅप केलं, प्रोग्राम नीट चालला, आणि प्रोसेस संपल्यावर ‘फ्रीवॉक: लीफ’ असा पॅनिक! स्टॅक पाहिला तर तिथं पॅरेंटचा (ही प्रोसेस सुरू करणाऱ्या प्रोसेसचा) ‘वेट’ कॉल दिसतो, कारण मेलेल्या चाइल्डची (सुरू केलेल्या प्रोसेसची) आवराआवर तिथं होते. खरं कारण मात्र एवढंच की ते पेज अनमॅप करायचं राहिलं. म्हणून ‘मॅपपेजेस’ची ओळ लिहितानाच तिची अनमॅपची ओळही लिहून टाका. आणखी एक खूण: एक्सव्ही६ सोडलेल्या पेजमधला प्रत्येक बाइट १ करून ठेवतं. जीडीबी या डीबगरमध्ये रजिस्टरात ०१०१०१०१ अशी रांग दिसली, तर सोडलेली मेमरी कुणीतरी अजून वापरतंय असं समजा.

मग कॉपी-ऑन-राइट, म्हणजे कुणी लिहीपर्यंत पेजची कॉपी न करणं. फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढणाऱ्या कॉलनंतर) पॅरेंट आणि चाइल्ड दोघांच्या एन्ट्र्यांमधला लिहिण्याचा बिट काढायचा, लिहायला गेल्यावर फॉल्ट येतो (कारण सांगणाऱ्या एस-कॉज रजिस्टरमध्ये १५), तेव्हा नवं पेज द्यायचं. किती प्रोसेस ते पेज वापरतायत याचा हिशेब ठेवायचा. इथपर्यंत सगळे येतात. राहतं ते ‘कॉपीआउट’. कर्नल यूझरच्या बफरमध्ये लिहितं तेव्हा ते पेज टेबल स्वतः वाचून कर्नलच्या मॅपिंगमधून लिहितं, त्यामुळे यूझरच्या एन्ट्रीवरून फॉल्ट येतच नाही. तिथं एन्ट्री तपासून पेजची कॉपी तुम्हालाच करावी लागते.

टीएलबीचा (सोडवलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्या सीपीयूतल्या कॅशचा) विषय एक्सव्ही६मध्ये निसटून जातो, कारण टेबल बदलताना ते दर वेळी टीएलबी रिकामा करतं. खऱ्या मल्टिकोर कर्नलमध्ये एन्ट्री बदलली की बऱ्याच प्रोसेसरांवर इतर कोअरनाही इंटरप्ट पाठवून जुनी नोंद टाकायला लावावं लागतं. मुलाखतीत यावर हमखास विचारतात.

एवढं झाल्यावर लिनक्सकडे या. फोर्क करणारा एक छोटा सी प्रोग्राम लिहा आणि दोन्ही प्रोसेसच्या ‘पेजमॅप’ फाइलमधून एकाच व्हर्च्युअल पत्त्याचा फ्रेम नंबर (फिजिकल पेज नंबर) वाचा. हे रूट म्हणूनच करा, नाहीतर फ्रेम नंबर शून्यच दिसेल. फोर्कच्या आधी त्या पेजवर काहीतरी लिहिलेलं असू द्या. आधी दोन्हीकडे नंबर सारखा असतो. चाइल्डने त्या पेजवर एक बाइट लिहिला की पुन्हा वाचा, चाइल्डचा नंबर बदललेला असेल.