मेंदू आणि प्रतिकारशक्तीच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून जायचं असेल तर

'न्यूरोइम्युनॉलॉजी' अशी पाटी शोधत नागपुरात फिरू नका. हे काम इथे वेगवेगळ्या विभागांत विखुरलेलं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या परिसरात औषधनिर्माणशास्त्र विभाग न्यूरोफार्माकॉलॉजीवर (मेंदूवर औषधं कशी चालतात यावर) बरीच वर्षं काम करत आला आहे. विद्यापीठाबाहेर पाहायचं तर बजाजनगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये (सीआयआयएमएस) क्षयाच्या मेंदूज्वरावर संशोधन झालं आहे, आणि तो आजार मेंदू आणि प्रतिकारशक्ती या दोघांच्या सीमेवरच बसतो. पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) लेखकांच्या पत्त्यात 'नागपूर' आणि विषयात 'मायक्रोग्लिया' (मेंदूतल्या प्रतिकार-पेशी) किंवा 'सायटोकाइन' (प्रतिकार-पेशींची निरोप देणारी प्रथिनं) टाका, मागची पाच वर्षं चाळा. ज्यांची नावं पुन्हापुन्हा येतात, त्यांनाच लिहा.

मेल आठ ओळींच्या वर नको. त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यातली कोणती आकृती कळली नाही, आठवड्यातून कोणते दिवस किती तास आणि कोणत्या महिन्यापर्यंत येऊ शकता, एवढं पुरे. 'लहानपणापासून संशोधनाची आवड' ही ओळ काढून टाका, ती प्रत्येक मेलमध्ये असते. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, नंतर दुपारी विभागात जाऊन भेटा. सर-मॅडमना गुणांपेक्षा वेळेची जास्त काळजी असते. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत शिकाऊ मुलगा पिपेट (थेंबभर द्रव मोजून घ्यायची नळी) धरायला शिकतो आणि निघून जातो. त्यापेक्षा सहा महिने, आठवड्यातून चार दुपारी देणारा त्यांना हवा असतो.

जागा मिळाली की आधी लस. मानवी रक्ताचं काम असेल तर हिपॅटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी लागतात, म्हणून हे पुढे ढकलू नका. प्राण्यांच्या कामाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते, मानवी नमुन्यांना वेगळ्या नीतिसमितीची. मंजूर प्रकल्पात तुमची आणि तुमच्या प्रशिक्षणाची नोंद झाल्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही, सिनिअर दादा 'चल, पकड' म्हणाला तरी.

पहिला आठवडा पिपेटचा. काट्यावर छोटी बाटली ठेवा, १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका, दर वेळी वजन लिहा. ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. आकडे दोन टक्क्यांहून जास्त हलत असतील तर बहुधा अंगठा घाईनं सुटतोय. पंखा बंद ठेवा, नाहीतर काटाच थरथरतो.

मग गणित. समजा पेशींना चिडवायला वापरतात त्या एलपीएसचा (जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा) साठा १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे आणि १० मिलिलिटर मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हवं. हिशेबानं १ मायक्रोलिटर टाकायचा, पण एवढं थेट घेतलं की चूक मोठी होते. आधी १० मायक्रोलिटर साठा ९९० मायक्रोलिटर मीडियात मिसळा. त्यातला १०० मायक्रोलिटर ९.९ मिलिलिटरमध्ये टाका. सेंट्रिफ्यूजवरही (गरगर फिरवून पेशी तळाला बसवणारं यंत्र) असाच घोळ होतो. प्रोटोकॉलमध्ये '४०० जी' (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट ओढ) असतं आणि नवखा ४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लावतो. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ४०० जी म्हणजे साधारण १,५०० आरपीएम. ४०० आरपीएमवर जेमतेम २९ जी मिळतं आणि पेशी खाली बसतच नाहीत.

या विषयातला सगळ्यात फसवा शत्रू म्हणजे एंडोटॉक्सिन. एलपीएस म्हणजे तेच: ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा. मायक्रोग्लिया त्याच्या अगदी थोड्या अंशानंही चिडतात. ऑटोक्लेव्हच्या (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांना जिवाणू मरतात, हा तुकडा टिकतो. म्हणून काचेची भांडी कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर निदान अर्धा तास भाजावी लागतात. प्लास्टिक भाजता येत नाही, ते एंडोटॉक्सिनमुक्त म्हणून प्रमाणित झालेलंच घ्या. प्लेटच्या ज्या वेलमध्ये (खळग्यात) काहीच टाकलं नाही तिथेही टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारा सायटोकाइन) चढलेला दिसला तर पेशींना दोष देण्याआधी पाण्यावर संशय घ्या. पॉलिमिक्सिन बी टाकून पाहा. तो एलपीएसला बांधून ठेवतो. प्रतिक्रिया उतरली तर चोर सापडला.

नागपूरचा उन्हाळा वेगळा त्रास देतो. कल्चर रूममध्येच काय, तिच्या दाराबाहेरही कूलर नको. ओली हवा आणि कुजका वाळा हे बुरशीचं घर, आठवड्याभरात फ्लास्कमध्ये कापसासारखे पुंजके तरंगू लागतात. इलायझाच्या (सायटोकाइनचं प्रमाण रंगावरून मोजणारी चाचणी) कागदावरचं 'रूम टेंपरेचर' म्हणजे २० ते २५ अंश, मे महिन्यातली आपली खोली नव्हे. एसी नसलेल्या खोलीत टीएमबीचा (रंग देणारं द्रावण) निळा रंग झपाट्यानं गडद होतो आणि वरची स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचे तीव्र नमुने) रंग मोजणाऱ्या रीडरच्या मर्यादेबाहेर जातात. प्लेट फ्रिजमधून काढून लगेच भरली तर कडेचे वेल आधी तापतात आणि मधल्यांपेक्षा वेगळे आकडे देतात. आधी प्लेट आणि द्रावणं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, प्लेट झाकून ठेवा. आम्लानं थांबवल्यावर रंग पिवळा होतो, तो ४५० नॅनोमीटरवर पंधरा मिनिटांच्या आत वाचा.

उंदरांच्या वागणुकीच्या चाचण्यांत वेळ पाळा. रोज तोच तास, चाचणीच्या खोलीत आधी तासभर स्थिरावू द्या, अंगाला अत्तर नको, प्रत्येक उंदरानंतर अल्कोहोलनं पुसा आणि वास उडू द्या. विभाग मिरवणुकीच्या वाटेवर असेल तर मारबतीच्या दिवशी चाचणी ठेवूच नका. ढोलानं कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरातलं ताणाचं संप्रेरक) चढतं, आणि ते प्रतिकारशक्तीचे संकेतच दाबतं, म्हणजे एका आवाजानं दोन्ही बाजूंचे आकडे बिघडतात. एलपीएस टोचल्यावर पहिले काही तास उंदीर आजारी, गोळा होऊन बसलेला असतो. तेव्हाची मंद हालचाल 'नैराश्य' म्हणून मोजू नका. तशी चाचणी साधारण चोवीस तासांनी घेतात, आणि तेव्हाही हालचाल पूर्ववत झाल्याची खात्री आधी करतात.

लेबलं साध्या पेननं लिहू नका, अल्कोहोलचा हात लागला की शाई जाते. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये साधी चिकटपट्टीही गळून पडते, क्रायो-लेबल (अतिथंडीत टिकणारं लेबल) वापरा. ट्यूबवर तारीख, प्राण्याचा क्रमांक, नमुन्याचा प्रकार, तुमची आद्याक्षरं. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं द्रव) एकाच ट्यूबमध्ये न ठेवता ५० मायक्रोलिटरचे भाग करा, कारण पुन्हापुन्हा वितळवलं की सायटोकाइन घटतात. कोणत्या डब्यात, कितव्या खणात काय आहे याचा नकाशा वहीत असू द्या. वही लॅबची असते, जाताना ती तिथेच राहते. शेवटच्या आठवड्यात नव्या मुलीला फक्त तो नकाशा देऊन एक ट्यूब शोधायला सांगा. तिला तुम्हाला फोन करावा लागला, तर नकाशा पुन्हा लिहा.