रोमन गुलामांवर लिहिताय? मग या चुका टाळा

रोमवर मराठीत काही लिहायचं म्हटलं की गुलामांचा एक परिच्छेद हमखास येतो. चाबूक, साखळदंड, सिंहाचा पिंजरा आणि शेवटी गुलामांच्या बंडाचा पुढारी स्पार्टाकस. यातलं निव्वळ खोटं असं थोडंच असतं, पण सगळं एकत्र आलं की रोमपेक्षा सिनेमाच जास्त दिसायला लागतो. शाळेचं टिपण असो, व्हिडिओची संहिता असो की एकांकिका, लिहून झाल्यावर पुढच्या जागा एकदा तपासा.

आधी सोपी दुरुस्ती. युद्धनौकेवर साखळीने बांधलेले, ढोलाच्या ठेक्यावर वल्ही मारणारे गुलाम तुमच्या मजकुरात असतील तर ते काढून टाका. रोमन आरमारातले वल्हेकरी सहसा स्वतंत्र आणि पगारी असत. प्रतिस्पर्धी सेनानी सेक्स्टस पॉम्पीशी लढायला माणसं कमी पडली तेव्हा पुढे पहिला सम्राट झालेल्या ऑगस्टसने (तेव्हा तो ऑक्टेव्हियन होता) वीस हजार गुलाम वल्ह्यांवर घेतले, पण त्यांना मुक्त करून. साखळदंडातले वल्हेकरी दीड हजार वर्षांनंतरच्या भूमध्य समुद्रातले आहेत.

रंगावरून गुलाम ओळखू नका

अमेरिकेतल्या गुलामगिरीचं चित्र डोक्यात इतकं पक्कं असतं की लिहिणारा नकळत रोममध्येही काळे गुलाम आणि गोरे मालक उभे करतो. रोमचे गुलाम गॉल, थ्रेस, सीरिया, आशिया मायनर, ग्रीस, आफ्रिका अशा सगळीकडून येत. कोणी युद्धात पकडलेले, कोणी चाच्यांनी विकलेले, कोणी उकिरड्यावर टाकून दिलेली आणि कोणीतरी उचलून वाढवलेली मुलं, तर कित्येक गुलाम आईच्या पोटी जन्मलेले. रस्त्यावर गुलाम ओळखू येतच असे असं नाही. त्यांना वेगळा पोशाख द्यावा अशी सूचना एकदा सिनेटमध्ये आली होती. ती बारगळली, कारण उद्या गुलामांनी मालकांची मोजणी सुरू केली तर काय, ही भीती. ही हकीकत रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने नोंदवली आहे.

म्हणून रोमन लोक वंशाबद्दल उदार होते असंही लिहू नका. विक्रेत्याने गुलामाचा मुलूख सांगायलाच हवा असा नियम होता, कारण अमक्या मुलखाची माणसं आळशी, तमक्या मुलखाची पळपुटी, हे गिऱ्हाइकांचं आधीच ठरलेलं असे. रोग आहे का, पूर्वी पळून गेला होता का, हेही जाहीर करावं लागे. माहितीची पाटी गळ्यात, आणि समुद्रापलीकडून नव्याने आणलेल्याच्या पायांना ओळखीसाठी खडू फासलेला.

आपल्याकडची खास चूक म्हणजे गुलामाला थेट जातिव्यवस्थेत नेऊन बसवणं. तुलना जरूर करा, पण एक फरक सांगून करा: रीतसर मुक्त झालेल्या गुलामाच्या पुढच्या पिढीला तो डाग कायद्याने चिकटत नसे. कवी होरेस हा मुक्त गुलामाचा मुलगा. इ.स. 193 मध्ये सम्राट झालेला पर्टिनॅक्सही तसाच.

आणखी एक मोह मी वरचेवर पाहतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत भडोचच्या राजासाठी आणायच्या मालात गाणारी मुलं आणि सुंदर मुली यांची नोंद आहे. पैठण आणि तेरहून भडोचला उतरणाऱ्या मालाचाही उल्लेख तिथेच येतो. एवढ्यावरून ‘कल्याणच्या बंदरात रोमन गुलामांचा बाजार भरे’ असं लिहू नका. नोंद राजाच्या भेटवस्तूंची आहे.

मुक्ती मिळायची, पण कोणाला?

इथे लेखक दोन टोकं गाठतात. एक म्हणतो, गुलाम जन्मभर गुलामच. दुसरा म्हणतो, थोडी बचत केली की सुटका. खरं उत्तर गुलाम कुठे कामाला होता यावर अवलंबून होतं.

शहरातल्या घरचा लेखनिक, हिशेबनीस, वैद्य, केस विंचरणारी दासी ही मंडळी मालकाच्या डोळ्यांसमोर असत. त्यांना थोडी पुंजी बाळगता येई. कायद्याने ती मालकाचीच, तरी व्यवहारात तिच्यातून स्वतःची किंमत फेडता येत असे. मुक्तीवर सरकार पाच टक्के कर घेई. राजकारणी आणि वक्ता सिसेरोने इ.स.पू. 53 मध्ये आपला सचिव टायरो याला मुक्त केलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याने मालकाचंच नाव लावलं: मार्कस टुलियस टायरो. मुक्त झाल्यावरही जुन्या मालकाची कामं करावी लागत आणि त्याचा मान राखावा लागे. शिवाय आई गुलाम असताना जन्मलेलं मूल गुलामच राही, त्यामुळे आई सुटली तरी मूल मागे अडकलेलं असू शके. ऑगस्टसच्या काळात मृत्युपत्राने किती जणांना मुक्त करता येईल यावर मर्यादा आली. पुढे इ.स. 4 च्या कायद्याने, काही अपवाद सोडता, तीस वर्षांखालच्या गुलामाला मुक्तीबरोबर नागरिकत्व मिळणं बंद झालं.

आता शेतावर या. रोमन राजकारणी केटोचा शेतीवरचा ग्रंथ मालकाला सांगतो की जुनी गाडी, जुनी अवजारं, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम विकून टाका. साखळीतल्या गुलामाला हिवाळ्यात रोज किती भाकरी आणि द्राक्षमळ्याची खणती सुरू झाली की किती, याचाही हिशेब त्यात आहे. शेतावर मुकादमही गुलामच असे. त्याला बरी संधी होती, त्याच्या हाताखालच्यांना नव्हती. स्पेनमधल्या न्यू कार्थेजच्या चांदीच्या खाणींत चाळीस हजार माणसं राबत असं इतिहासकार पॉलिबियसने लिहिलं आहे.

कबरींचे शिलालेख वाचताना हे विसरू नका. रोममध्ये मुक्त गुलामांचे शिलालेख ढिगाने सापडतात, म्हणून ‘बहुतेक गुलाम सुटत’ असा निष्कर्ष कोणीतरी काढतोच. दगड कोरून घ्यायला पैसे लागतात. खाणीतल्या माणसाचा दगड नाही.

प्रेमळ मालकाच्या पत्रांवर विसंबू नका

सिसेरो टायरोच्या तब्येतीची काळजी करतो, सेनेका गुलामांबरोबर जेवायला बसा म्हणतो. दोघेही मालक. तत्त्वज्ञ एपिक्टेटस स्वतः गुलाम होता हे खरं, पण त्याची शिकवण आपल्यापर्यंत आली ती त्याच्या शिष्याने लिहून ठेवल्यामुळे.

पत्रांशेजारी कायदा ठेवा. न्यायालयात गुलामाची साक्ष साधारणपणे छळ करूनच घेतली जाई. इ.स. 61 मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांना, म्हणजे चारशे जणांना, मृत्युदंड. त्यात बायका-मुलंही होती. लोक दगड आणि मशाली घेऊन जमले, सिनेटमध्ये वाद झाला, तरी शिक्षा कायम राहिली. सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैन्य उभं करून ती अमलात आणली. हा प्रसंग इतिहासकार टॅसिटसकडे सविस्तर आहे. एकांकिकेला विषय शोधत असाल तर स्पार्टाकस सोडा, हा घ्या.

भिंतीही बोलतात. पॉम्पेईजवळ चिविता जुलियाना इथे 2021 मध्ये गुलामांची एक खोली उजेडात आली: तीन खाटा, त्यांतली एक लहान मुलाची, कोपऱ्यात रचलेले मातीचे कुंभ, उंचावर एक छोटी खिडकी. म्हणजे अडगळीच्याच खोलीत झोपायची सोय.

स्पार्टाकसला क्रांतिकारक घोषणा देऊ नका

इटलीतल्या कापुआच्या ग्लॅडिएटर शाळेतून तो इ.स.पू. 73 मध्ये सुटला, 71 मध्ये लढता लढता पडला. पकडलेल्या सहा हजारांना कापुआ ते रोम या अप्पियन मार्गावर क्रूसावर चढवलं गेलं. गुलामगिरीच नष्ट करायची त्याची योजना होती याला पुरावा नाही. त्याच्या तोंडची भाषणं आधुनिक लेखकांची आहेत.

रोजचा प्रतिकार वेगळाच होता: काम रेंगाळवणं, चोरी आणि पळून जाणं. रोममध्ये सापडलेल्या एका लोखंडी गळपट्ट्यावर लिहिलंय की मी पळालोय, मला धरा, झोनिनसकडे परत नेलंत तर सोन्याचं नाणं मिळेल. असे पट्टे प्रामुख्याने चौथ्या-पाचव्या शतकातले, आणि काहींवर ख्रिस्ताचं चिन्ह आहे. तेव्हा ‘ख्रिस्ती धर्म आला आणि गुलामगिरी संपली’ हे वाक्यही खोडा.

राहिले आकडे. गुलामांची शिरगणती उपलब्ध नाही. इटलीपुरते जुने अंदाज वीस ते तीस लाखांचे, अलीकडचे दहा ते पंधरा लाखांचे. कोणताही आकडा घ्या, पण सोबत ‘अंदाजे’, शतक आणि प्रदेश लिहा. इटलीचं प्रमाण उचलून सगळ्या साम्राज्याला लावू नका.