संगीताचा अंक सजवताना कोणता संकेत पाळायचा, कोणता मोडायचा

डोळे मिटलेला गवई, हवेत उचललेला हात, मागे तंबोरा, मरून-सोनेरी रंग आणि बोरूच्या वळणाचं नाव दिसलं की अंक शास्त्रीय संगीताचा, हे स्टॉलवर लांबूनच कळतं. काळं मुखपृष्ठ, खरवडल्यासारखी अक्षरं आणि थेट आपल्यावर रोखलेली नजर म्हणजे रॉक. गुलाल, गर्दी, खालून वर घेतलेला फोटो आणि तिरका लाल-पिवळा मथळा म्हणजे ढोल-ताशा. वाचक अंक हातात घेण्याआधीच हे संकेत त्याच्याशी बोलून झालेले असतात. म्हणून ते सगळे एकदम मोडले तर अंक नवा वाटत नाही, कशाबद्दल आहे तेच कळत नाही.

इथे उदाहरणाला नाशिक ढोलवरचा अंक घेऊ. आकार ए-४, आतली ३२ पानं, मुखपृष्ठाची ४ पानं वेगळी, मधोमध पिनिंग.

सुरुवात संगणकावर नको. ज्या प्रकारचा अंक काढायचा आहे त्या प्रकारची १५-२० मुखपृष्ठं, पोस्टर, अल्बमची कव्हरं गोळा करा आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडा. नाव कुठे आहे, कॅमेरा कुठून आहे, माणूस कुठे पाहतोय, रंग कोणते, अक्षरांचं वळण कसं, मथळे किती, एवढं प्रत्येकाखाली लिहा. निम्म्याहून जास्त ठिकाणी जे सापडेल तो संकेत. यादी झाली की त्यातला एकच मोडायला निवडा. निवडताना स्वतःला विचारा, हा मोडल्यावर संगीताबद्दल काही नवं कळतं का? नुसतं वेगळं दिसावं म्हणून मोडलेला संकेत दुसऱ्या अंकापर्यंतही टिकत नाही.

ढोलाच्या बाबतीत उत्तर समोरच आहे. ढोल वाजवणारा फोटोत नेहमी गर्दीचा भाग असतो. ख्यालगायकाला मिळतो तसा एकट्याचा, शांत फोटो त्याच्या वाट्याला येत नाही. तोच द्या. ढोल कंबरेला बांधलेला, टिपरू (वाजवायची काठी) ढोलाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या तोंडावर, टेकलेलं, डोळे मिटलेले, भोवती मोकळी जागा. म्हणजे शास्त्रीय संगीताचा संकेत उचलून ढोलाला लावायचा. अंकाचं नाव वर, महिना-वर्ष, किंमत, मथळे डावीकडे, हे बाकी सगळं जागच्या जागी ठेवा. डावी बाजू महत्त्वाची, कारण स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून लावले की वरची आणि डावीकडची पट्टीच उघडी राहते.

फोटोत हमखास फसतं ते पांढऱ्यावर पांढरं. पथकाचा कुर्ता पांढरा, बरेचदा ढोलाचं फायबरचं पानही पांढरं, आणि मागे कागद पांढरा. छापल्यावर खांद्याची कडाच गायब होते. मागे चुन्याची जुनी भिंत घ्या किंवा पार्श्वभूमीला ८ ते १० टक्के करडी छटा द्या. दुपारचं ऊन टाळा, सकाळची मोकळी सावली उत्तम. वादकाला थोडं तिरकं उभं करा, म्हणजे ढोलाचं एक पान आणि ढोलाच्या अंगावरच्या दोऱ्या दोन्ही दिसतात. ब्लीडसह (कटिंगसाठी चारी कडांना ३ मिमी जादा) मुखपृष्ठ २१६ × ३०३ मिमी होतं, त्यासाठी ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो १६०० पिक्सेलवर आला तर तो नीट छापला जातो जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आता अक्षरं. आपले बहुतेक अंक इथेच मार खातात, कारण इंग्रजी मासिकांची रीत देवनागरीवर तशीच चढवली जाते. इंग्रजी नाव ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर सोडतात. ‘नाद’ या शब्दात तेच केलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. रुंदी हवी तर मुळातच रुंद वळणाचा फॉन्ट घ्या, किंवा शिरोरेषा हाताने लांबवा. ‘नाद’ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, त्यामुळे त्याची शिरोरेषा पानाच्या दोन्ही कडांपर्यंत ताणता येते. ढोलाच्या दोरीसारखी ती पान बांधून ठेवते. ‘सूर’ घेतलंत तर खालचा उकार पहिल्या मथळ्यावर आपटतो, त्याची जागा आधीच सोडावी लागते.

लेखाच्या सुरुवातीचं मोठं अक्षरही इंग्रजीतून आलं. ठेवायचं तर पूर्ण अक्षर मोठं करा. ‘स्वर’मधला नुसता ‘स्’ नाही, अख्खा ‘स्व’. त्याची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला मिळायला हवी. ऱ्हस्व वेलांटीने सुरू होणारा शब्द असेल तर वाक्यच बदललेलं बरं. मजकुराला १०.५ पॉइंट अक्षर आणि १५ पॉइंट ओळ ठेवा. त्याहून दाट ओळीत वरचा उकार खालच्या रफाराला भिडतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मजकुराला सुरेख आहे, ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. पण त्यात ठळक वजन, म्हणजे जाड अक्षर, नाही, सॉफ्टवेअरला ओढूनताणून ठळक करायला लावू नका. मथळ्यांना मुक्ता घ्या, त्यात सात वजनं आहेत. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात.

आतल्या पानांना ८ स्तंभांची जाळी घ्या, केरव्याच्या आठ मात्रांसारखी. डावा-उजवा समास प्रत्येकी १५ मिमी सोडला की उरतात १८० मिमी. मधल्या ७ फटी प्रत्येकी ४ मिमी, म्हणजे एक स्तंभ १९ मिमीचा. चार-चार स्तंभ जोडून ८८ मिमीचे दोन रकाने होतात. बोल लिहायचे तर एका मात्रेला एक घर. तीनतालाच्या सोळा मात्रा दोन ओळींत बसतात आणि सम (तालाची पहिली मात्रा), खाली (टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा) यांच्या खुणा एकाखाली एक येतात. स्पेसबार दाबून बोल लावले तर फॉन्ट बदलताच ताल विस्कटतो.

संकेत किती ताणायचा याचा नमुना १९९४चा आहे. अमेरिकेतल्या ‘रे गन’ या संगीत मासिकात डेव्हिड कार्सन यांनी गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत झॅफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावली. एकही शब्द वाचता येत नव्हता. सगळे एवढंच सांगतात. पण तीच मुलाखत अंकाच्या शेवटी साध्या अक्षरांत पुन्हा दिली होती. धाडस करा, आणि वाचकाला परतीची वाटही ठेवा.

जुना मजकूर घेताना हक्क तपासा. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचं उत्तरायुष्यात नाशिकशी नातं जडलं, ते १९३१ साली गेले. २०१२ सालच्या कायदादुरुस्तीपर्यंत छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असे, आणि त्यांच्या हयातीत छापलेल्या फोटोंवरचा हक्क त्याआधीच संपला, त्यामुळे ते वापरता येतात. जुन्या छापील पानावरून स्कॅन करताना डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसायची सोय) चालू ठेवा, नाहीतर ठिपक्यांची जाळी उमटते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या लोककवी वामनदादा कर्डकांचं गीत अख्खं छापायचं असेल तर मात्र परवानगी लागते. ते २००४ साली गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे.

नाशिकच्या सातपूर-अंबडकडे प्रेसला फाइल देण्याआधी ए-३चे आठ कागद एकात एक घालून दुमडा, पानांचे आकडे लिहा, ही तुमची डमी. १६-१७ हे जोडपान (समोरासमोरची दोन पानं) एकाच कागदावर येतं. दोन पानांवर पसरणारा फोटो तिथेच ठेवा, बाकी जोडपानांत चेहरा मधोमध मिलिमीटरभर सरकतो. कटिंगमध्ये मधली पानं अरुंद होतात, म्हणून पानाचा आकडा कडेपासून १० मिमी आत.

मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईत करडा दिसतो, त्यात सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० मिसळा. मजकूर मात्र शंभर टक्के काळ्या शाईतच. चार रंगांच्या काळ्यावर बारीक पांढरी अक्षरं उलटवली की छपाईची प्लेट केसभर हलली तरी मात्रा भरून जातात. तिथे ९ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि वजन ठळक घ्या.

प्रूफ आलं की आधी ‘दुसऱ्या’, ‘ॲल्बम’, ‘तऱ्हा’ असे शब्द शोधा. प्रेसमध्ये मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला असेल तर पहिली मोडतात ती हीच अक्षरं. मग मुखपृष्ठ ५ सेंटिमीटर रुंदीत छापून हातभर लांब धरा. नाव वाचता आलं, माणूस दिसला आणि ढोल ओळखू आला तर प्लेटला पाठवा.