स्तोत्रातला ‘पण’ आणि स्तोत्रातलं ‘कारण’

स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला (पवित्र शास्त्रातला) स्तोत्रांचा ग्रंथ, सलग वाचायला घेणाऱ्यांची गाडी हमखास अडते. रोज एक स्तोत्र धरलं तर 150 स्तोत्रं पाच महिन्यांत संपायला हवीत, पण दहाव्या-बाराव्या दिवशीच सगळी स्तोत्रं सारखी वाटू लागतात: शत्रू, आसवं, धावा, स्तुती. आणि कुणी तिथून पुढे गेलंच, तर 119 वं स्तोत्र 176 वचनं घेऊन समोर उभं राहतं. म्हणून रोज एक स्तोत्र घेण्यापेक्षा एक स्तोत्र आठवडाभर घ्या. वर्षात 50 स्तोत्रं झाली तरी पुष्कळ झाली. 119 वं मात्र वेगळं हाताळा. हिब्रू वर्णमालेतल्या 22 अक्षरांसाठी त्यात आठ-आठ वचनांची 22 कडवी आहेत. रोज एक कडवं घ्या, 22 दिवसांत होईल.

लागणारं सामान थोडंच: छापील पवित्र शास्त्र, साधी वही, दोन रंगांच्या पेन्सिली. वेळ रोज वीस मिनिटं. फोनवरचं शास्त्र प्रवासात चालेल, पण अभ्यासाला कागद बरा, कारण खुणा करायच्या आहेत.

सुरुवात 13 व्या स्तोत्रापासून करा. वचनं फक्त सहा आहेत, पण भरवसा आणि स्तुती कशी घडते ते त्यात पूर्ण दिसतं. पहिल्या दिवशी ते तीनदा मोठ्याने वाचा. खोली लहान, शेजारी भिंतीला भिंत, म्हणून आवाज काढायला संकोच वाटत असेल तर पुटपुटा. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस ‘मनन’ करतो असं म्हटलंय. तिथल्या मूळ हिब्रू शब्दात हलक्या आवाजात पुटपुटणं आहे. पवित्र शास्त्रातल्याच यशयाच्या पुस्तकात, 38 व्या अध्यायात, पारव्याच्या घुमण्याला तोच शब्द आला आहे. ओठ हलले नाहीत तर ते मनन अर्धंच.

दुसऱ्या दिवशी स्तोत्र हाताने उतरवा आणि प्रत्येक वचन दोन ओळींत तोडा. अभंगात यमक कानाला जुळतं, हिब्रू कवितेत विचाराशी विचार जुळतो. 19 व्या स्तोत्रात ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते’ म्हटलं की लगेच अंतरिक्ष त्याची हस्तकृती दाखवतं. दुसरी ओळ म्हणजे पहिलीची नक्कल नव्हे. ती तोच विचार पुढे नेते, कधी उलटवते, कधी धारदार करते. दोन्ही ओळींत काय बदललं, ते समासात एका शब्दात लिहा. स्तोत्रं एकसारखी वाटायची थांबतात ती इथे.

तिसऱ्या दिवशी पेन्सिली काढा. एका रंगाने वळणाचा शब्द शोधायचा: ‘पण’, ‘परंतु’, ‘तरी’, ‘मी तर’. दुसऱ्या रंगाने ‘कारण’ शोधायचं. 13 व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. पाचव्यात एकदम वळण येतं: मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. आता चौथं आणि पाचवं वचन शेजारी शेजारी ठेवून नीट बघा. मधे शत्रू हटलेला नाही, बातमी आलेली नाही, काहीच घडलेलं नाही. बदललंय ते इतकंच की पहिल्या चार वचनांत ‘माझा जीव’, ‘माझा शत्रू’, ‘माझे डोळे’ होते, आणि पाचव्यात ‘तुझी दया’ आणि ‘तू केलेलं तारण’ आलं. भरवसा म्हणजे संकट गेल्यावर वाटणारा सुटकेचा भाव नव्हे. संकट तिथेच असताना नजर कुठे टेकवायची, ते ठरवणं म्हणजे भरवसा. आणि सहावं वचन गातं ते मोघम गात नाही, कारण देतं: त्याने माझ्यावर उपकार केले आहेत.

चौथ्या-पाचव्या दिवशी तुमची स्वतःची ‘कोठवर?’ लिहा. इथे बहुतेक जण चुकतात. चार वचनं गाळून थेट पाचव्यावर उडी मारतात, कारण तक्रार केली तर विश्वास कमी दिसेल असं वाटतं. पण जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाचीच आहेत. देवासमोर रडण्याची भाषा देवाच्या ग्रंथातच दिलेली आहे, मग ती वापरायला घाबरायचं कशाला? ‘खूप त्रास आहे’ असं लिहू नका. ‘सहा महिने कामाचा पत्ता नाही, खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय’ असं लिहा. तक्रार जितकी नेमकी, तितका पुढचा ‘पण’ खरा. सहाव्या दिवशी तो ‘पण’ तुमच्या शब्दांत लिहा, एका वाक्यात, आणि सातव्या दिवशी स्तोत्र न बघता म्हणून पाहा.

लोकलच्या गर्दीत पुस्तक उघडणं शक्य नसतं. विरार फास्टमध्ये हात वर काढायलाही जागा नसते. त्यासाठी आठवड्याच्या स्तोत्रातलं एकच वचन चिठ्ठीवर लिहून वरच्या खिशात ठेवा आणि गाडीत चढण्याआधी फलाटावर एकदा वाचा. दादर येईपर्यंत तेवढंच मनात फिरवायचं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. 91 वं स्तोत्र, देवदूत तुला हातांवर झेलून धरतील असं सांगणारं, अनेकांना तोंडपाठ असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, सैतानाने येशूसमोर नेमकं तेच म्हटलं आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितलं. येशूने नकार दिला: प्रभू तुझा देव याची परीक्षा पाहू नको. दारात लटकून 91 वं स्तोत्र म्हणणं हा भरवसा नाही. आत सरका, किंवा पुढची गाडी घ्या.

स्तुतीसाठी 117 वं स्तोत्र हाताशी ठेवा. सगळ्यांत लहान, दोनच वचनं. पहिल्यात हाक: सर्व राष्ट्रांनो, परमेश्वराचं स्तवन करा. दुसऱ्यात कारण: त्याची आपल्यावरची दया थोर आहे, त्याची सत्यता सर्वकाळ टिकते. मग पुन्हा हाक. हाक, कारण, हाक, असा साचा स्तोत्रांत पुन्हा पुन्हा भेटतो. आपल्या प्रार्थनासभांत हाका भरपूर होतात, कारणं सांगायची राहून जातात, आणि मग स्तुती नुसत्या आवाजावर चालते. उपाय सोपा आहे. 103 वं स्तोत्र तिसऱ्या ते पाचव्या वचनात पाच उपकार ओळीने सांगतं: क्षमा करतो, रोग बरे करतो, जीव उद्धरतो, दयेचा मुकुट घालतो, उत्तम पदार्थांनी तृप्त करतो. वहीत हे पाच रकाने आखा आणि आठवड्यातलं एकेक कारण तारखेसह भरा. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, बळेच भरू नका.

जुलैत धो धो पाऊस लागला की 29 वं काढा. त्यात ‘परमेश्वराची वाणी’ सात वेळा येते. वादळ जलांवरून उठतं, लबानोनचे गंधसरू मोडतं, कादेशच्या रानापर्यंत जातं. अरबी समुद्रावरून ढग चालून येताना ज्यांनी पाहिलेत त्यांना या स्तोत्राची टीप लागत नाही. सात वेळा गर्जना ऐकून शेवटचा शब्द शांतीचा आहे.

काळजीने झोप उडाली असेल तर 131 वं, तीन वचनांचं. दूध तुटलेलं बाळ आईजवळ असतं तसा माझा जीव, असं त्यात आहे. अंगावर पिणारं बाळ मांडीवर घेतलं की दुधासाठी चुळबुळतं. दूध तुटलेलं बाळ काही मागत नाही, नुसतं आईजवळ पडून राहतं. मागण्या संपल्यावरही देवाजवळ बसता येतं का, हे रोज रात्री दोन मिनिटं करून बघा.

पत्ता शोधताना एक गोंधळ होतो. ग्रीक आणि लॅटिन परंपरेच्या जुन्या कॅथलिक पुस्तकांत मधल्या बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकाने कमी असतो, म्हणून मेंढपाळाचं 23 वं तिथे 22 वं सापडतं. वसईच्या एखाद्या घरात जुनं पुस्तक उघडलं आणि आकडा जुळला नाही, तर पहिली ओळ बघून जुळवा.

88 व्या स्तोत्रात भरवशाकडे वळवणारा ‘पण’ नाही. ते अंधारातच संपतं. ज्या घरात नुकतं मरण झालंय तिथे हे वाचावं आणि वर 23 वं चिकटवू नये. त्या स्तोत्रातला माणूस अंधारातही ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशीच हाक मारतो. त्या दिवशी तेवढी हाक पुरे.

घरच्या प्रार्थनेला सहा-आठ जण जमले तर 136 वं घ्या. एकाने अर्धं वचन वाचायचं, बाकीच्यांनी ‘कारण त्याची दया सनातन आहे’ म्हणायचं, 26 वेळा. पेटी-टाळ असतील तर उत्तम, नसतील तर टाळी. सुरुवातीला सगळे घाई करतात. तिसऱ्या-चौथ्या वचनाला लय बसते. दहाव्यापासून बाविसाव्यापर्यंत मिसरातून सुटका, समुद्र, रान, वतन असा इस्राएलचा इतिहास आहे. सव्विसावं झालं की पुस्तक मिटा आणि प्रत्येकाने आपल्या घराच्या इतिहासातलं एक वाक्य म्हणायचं: आजी गिरणी बंद पडल्यावर कसं निभावलं ते सांगेल, पोरगा दहावीचं सांगेल. प्रत्येक वाक्यामागून बाकीच्यांनी तीच ओळ म्हणायची.